लेबर कॅम्पमधल्या गरोदर बायका आणि कोविड: दिघा-राबाळे पट्ट्यात नोंदणीपासून बाळंतपणापर्यंत काय करायचं?

राबाळे_सेफ्टी · ८ जुलै २०२१

नमस्कार. ठेकेदाराच्या दोन लेबर कॅम्पची सुरक्षा आणि आरोग्य बघतो. दोन्ही नवी मुंबईत: एक राबाळे एमआयडीसीत, दुसरा दिघ्याला डोंगराच्या कडेला. पत्र्याच्या खोल्या, सामायिक संडास. सध्या सात बायका गरोदर आहेत. चार बिहारच्या, एक झारखंडची, दोन परभणी-वाशीमकडच्या. दोघींचीच कुठेतरी नोंद झाली आहे. बाकीच्यांना कितवा महिना चालू आहे तेही नीट सांगता येत नाही.

प्रश्न असे:
१) इथला पत्ता नाही, आधार गावचं. नोंदणी होते का?
२) कोविड चाचणी कधी करून ठेवायची? रिपोर्ट नसेल तर हॉस्पिटल परत पाठवतं असं सगळे म्हणतात.
३) एखादी पॉझिटिव्ह निघाली तर या खोल्यांमध्ये काय करायचं?
४) रात्री कळा सुरू झाल्या तर कुठे आणि कसं न्यायचं? लोकल तर सामान्यांना बंद.
५) दोघींचे नवरे म्हणतात बाळंतपणाला गावी नेतो. जाऊ द्यायचं का?

ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी नेमकं सांगा. "काळजी घ्या" हे सगळ्यांना माहीत आहे.

---

नागरी_सिस्टर

नोंदणी होते, आणि पत्त्यावरून कोणी अडवू नये. महापालिकेच्या तुमच्या भागातल्या नागरी आरोग्य केंद्रात न्या. राहण्याचा पत्ता म्हणून कॅम्पचं नाव, जवळची खूण आणि मुकादमाचा मोबाईल लिहायचा. कायमचा पत्ता गावचा. आधार नसेल तरी तपासणी आणि लसीकरण होतंच, आधार लागतं ते पैशाच्या योजनांना. नोंद झाली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. त्यावर आरसीएच नंबर (माता-बाल आरोग्य नोंदणीचा क्रमांक) लिहिलाय का ते तिथेच, खिडकीसमोर उभं राहून बघून घ्या. नंबर नसलेलं कार्ड दुसऱ्या जिल्ह्यात नेलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

कॅम्प सुटतात कशामुळे, तर आशाची घरयादी वस्तीप्रमाणे बनते आणि कॅम्प त्या यादीत नसतो. तीन महिन्यांनी उठून जाणाऱ्या खोल्या कोण मोजणार? म्हणून दर महिन्याला तुम्हीच आशाला यादी द्या: नाव, वय, कितवं बाळंतपण, शेवटची पाळी, मागचं सिझर होतं का, मोबाईल कोणाचा. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. मोबाईल बहुतेक वेळा नवऱ्याकडे असतो आणि नवरा दिवसभर स्लॅबवर. बोलावणं, ओटीपी, रिपोर्ट सगळं त्याच फोनवर जातं आणि रात्री आठला वाचलं जातं. दुसरा नंबर शेजारणीचा लिहा.

पाळीची तारीख आठवत नसेल तर सणावरून विचारा. "छठला पाळी आली होती की त्याआधीच चुकली होती?" गेल्या वर्षी छठचं संध्याकाळचं अर्घ्य २० नोव्हेंबरला होतं. त्या सुमाराला शेवटची पाळी असेल तर नऊ महिने सात दिवस पुढे मोजा, म्हणजे २७ ऑगस्ट. आज तिला ३२ आठवडे पूर्ण झालेत. होळीला, म्हणजे २९ मार्चला पाळी होती असं म्हणाली तर तारीख ५ जानेवारीची आणि आज जेमतेम १४ आठवडे. परभणी-वाशीमकडच्या बायकांना पोळा, दिवाळी, संक्रांत विचारा. हा अंदाज झाला. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर तिची तारीख धरायची. आठव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीची तारीख दोन-तीन आठवडे इकडे-तिकडे असू शकते, तिच्या भरवशावर राहू नका.

तपासण्या किमान चार: १२ आठवड्यांच्या आत, १४ ते २६ मध्ये, २८ ते ३४ मध्ये आणि ३६ नंतर. कोविडमुळे फेऱ्या कमी करायच्या असतील तर एका फेरीत जास्त कामं उरका, फेरी मात्र गाळू नका. पहिल्याच फेरीत रक्तगट, एचबी (हिमोग्लोबिन), एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी, लघवी आणि साखर. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत पिऊन संपवायचं आणि दोन तासांनी रक्त. १४० किंवा वर आली तर गरोदरपणातली साखर. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत, नंतर झाली तर चालतं. ते दोन तास गर्दीच्या व्हरांड्यात काढायचे नाहीत. बाहेर झाडाखाली बसवा, घड्याळ लावा. पहिली चाचणी ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत करायची.

टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) दोन इंजेक्शनं, चार आठवड्यांच्या अंतराने. मागच्या तीन वर्षांत बाळंतपण झालं असेल आणि तेव्हा दोन्ही घेतली असतील तर एकच बूस्टर.

गोळ्या: चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक, १८० दिवस. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमची दिवसात दोन वेळा. चौथ्या ते सहाव्या महिन्यात जंताची अल्बेंडाझोल ४०० एकदाच. कॅम्पमध्ये लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकाच मुठीत गिळतात, वरून चहा. मग लोह अंगाला लागत नाही आणि एचबी महिनाभर जागेवर राहतं. कॅल्शियम जेवणाबरोबर, लोह त्यापासून दोन तास दूर. रात्री जेवणानंतर दोन तासांनी झोपताना घेतली तर मळमळही कमी. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून गोळी बंद करतात, ते आधीच सांगून ठेवा.

आणि एचबीचा आकडा वाचताना तो कोणत्या पद्धतीने काढलाय तेही बघा. साहलीच्या नळीतला (रंग डोळ्यांनी जुळवून काढलेला) ९ आणि लॅबच्या यंत्रातला ९ एकच असतील असं नाही. वाढ मोजायची तर प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी.

---

घोडबंदर_साईट

चाचणीबद्दल: आमच्याकडे ३७ आठवडे झाले की दर पाच दिवसांनी आरटीपीसीआर करून रिपोर्ट पिशवीत ठेवतात. त्यामुळे दारात वाद होत नाही. खर्च ठेकेदाराचा.

---

लेबररूम

प्रसूतिशास्त्रात काम करतो/करते एवढी ओळख पुरे.

घोडबंदर_साईट, दर पाच दिवसांनी बाईला रांगेत उभं करून नाकात काडी घालण्यात तोटाच आहे. रांगेतच संसर्ग व्हायचा. आणि पाच दिवसांपूर्वीचा निगेटिव्ह रिपोर्ट आजचं काहीही सांगत नाही. दाखल करताना हॉस्पिटल स्वतः अँटिजेन करतं, अर्ध्या तासात निकाल येतो, आरटीपीसीआरचा नमुना त्याच वेळी जातो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) १८ मे २०२० च्या चाचणी धोरणात स्पष्ट लिहिलंय: चाचणी झाली नाही या कारणासाठी बाळंतपणासह कोणतीही तातडीची प्रक्रिया लांबवायची नाही. हा कागद मोबाईलमध्ये ठेवा. दारावर वाद झाला तर तोंडी भांडण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा. ठरवून केलेलं सिझर असेल तर मात्र हॉस्पिटल सांगेल त्या दिवशी एक आरटीपीसीआर करा.

आता पॉझिटिव्ह आली तर. बहुतेक तरुण बायकांना सौम्यच होतो. पण दुसऱ्या लाटेत शेवटच्या तिमाहीतल्या बायका झपाट्याने बिघडताना दिसल्या, म्हणून नियम साधा ठेवा. २८ आठवड्यांच्या आत, लक्षणं सौम्य, ऑक्सिजन ९५ किंवा वर: वेगळी खोली आणि वेगळा संडास मिळत असेल तरच कॅम्पमध्ये. तुमच्या कॅम्पचं वर्णन वाचून वाटतं की मिळणार नाही, तेव्हा महापालिकेच्या वॉर रूमला (कोविड नियंत्रण कक्षाला) कळवून कोविड केंद्रात हलवा. २८ आठवड्यांच्या पुढे असेल तर जिथे बाळंतपणाचे डॉक्टर आहेत अशाच ठिकाणी. नुसत्या कोविड केअर सेंटरमध्ये रात्री कळा आल्या तर तिथे बाळाचे ठोके बघणारंही कोणी नसतं.

ऑक्सिजन बोटाला ऑक्सिमीटर लावून दिवसातून चार वेळा मोजायचा, बसून पाच मिनिटं शांत झाल्यावर. बोट थंड, ओलं किंवा मेंदी-नेलपॉलिश लावलेलं असेल तर आकडा चुकतो. ९५ च्या खाली दोनदा आला, किंवा एक वाक्य पूर्ण बोलताना दम लागतोय, की वाट बघायची नाही. उताणं झोपवू नका, डाव्या कुशीवर.

औषधांचं एक लिहूनच ठेवा. कॅम्पमध्ये कोविडची "किट" वाटतात तेव्हा गरोदर बाईला ती द्यायची नाही. त्यात डॉक्सिसायक्लिन असतं, कधी फॅविपिराविर. फॅविपिराविर गर्भाला घातक आहे, डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात टाळतात. ऑक्सिजन चांगला असताना डेक्सामेथासोनही द्यायचं नसतं. तापाला पॅरासिटामॉल ६५०, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, शेवटच्या तिमाहीत तर नाहीच.

याहून जास्त काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. जुलै महिना, डोंगराची कड, बांधकामाच्या टाक्यांत साचलेलं पाणी. ताप आला, अँटिजेन निगेटिव्ह आली, "कोविड नाही, घरी जा", आणि तिला असतो मलेरिया. गरोदरपणात मलेरियाने रक्त कमी होतं, बाळाचं वजन घटतं, फाल्सिपेरम हा घातक प्रकार असेल तर आईच्या जिवावर बेततं. झारखंडहून आलेल्या बाईत तो आधी आठवला पाहिजे. म्हणून तापाच्या पहिल्याच दिवशी कोविड चाचणीबरोबर मलेरियाची रक्तपट्टी किंवा रॅपिड किट, दोन्ही एकाच वेळी. ताप उतरला नाही तर डेंग्यू आणि लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस). मलेरिया निघाला तर औषध गरोदर आहे हे सांगूनच घ्यायचं, कारण प्रायमाक्विन गरोदरपणात देत नाहीत. कॅम्पमध्ये शेजाऱ्याची उरलेली मलेरियाची गोळी देण्याची पद्धत असते, ती बंद करा.

कोविड आहे म्हणून सिझर करत नाहीत. बाळंतपण ज्या कारणाने व्हायचं त्याच कारणाने होतं. बाळाला आईजवळच ठेवायचं, पहिल्या तासात अंगावर पाजायचं. पाजताना आईने मास्क लावायचा, आधी साबणाने हात धुवायचे. "आई पॉझिटिव्ह आहे, बाळाला डबा द्या" असा सल्ला आजही ऐकू येतो. पत्र्याच्या खोलीत, टँकरच्या पाण्यावर, उकळलेल्या बाटलीशिवाय दिलेला पावडरचा डबा त्या बाळाला कोविडपेक्षा लवकर आजारी पाडेल.

लस: २ जुलैला केंद्राने गरोदर बायकांना परवानगी दिली आहे. कोणत्याही महिन्यात घेता येते. याच गरोदरपणात कोविड होऊन गेला असेल तर मात्र बाळंतपणानंतर. कोविनवर (लसीच्या नोंदणीचं पोर्टल) सध्या, जुलै २०२१ मध्ये, एका मोबाईल नंबरवर चार जणांची नोंद होते, म्हणजे दोन फोनमध्ये सातही जणी बसतात. ओळखपत्रच नसेल तर महापालिका अशा लोकांसाठी वेगळी सत्रं लावते, त्यासाठी केंद्राची मे महिन्यातली कार्यपद्धती आहे. वॉर्डात विचारा.

---

इलठणपाडा_गल्ली

नेण्याबद्दल लिहितो, कारण नकाशावर सगळं जवळ दिसतं.

दिघ्याहून दोन वाटा: ठाणे-बेलापूर रोडने दक्षिणेला ऐरोलीचं राजमाता जिजाऊ रुग्णालय, किंवा उत्तरेला विटाव्यावरून कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. एरवी कळवा सोयीचं वाटतं, पण जोराचा पाऊस झाला की विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं आणि गाड्या दोन्हीकडे अडकतात. पावसाळ्यात पहिली पसंती ऐरोली ठेवा. राबाळ्याहून तर ऐरोलीच. ऐरोलीला जमलं नाही तर नेरूळचं मीनाताई ठाकरे रुग्णालय. गेल्या वर्षी वाशीचं महापालिका रुग्णालय आणि ठाण्याचं सिव्हिल कोविडसाठी दिलं गेलं तेव्हा कळा येणाऱ्या बायका सवयीने तिथे गेल्या आणि दारातून फिरल्या. पॉझिटिव्ह बाई कोण घेतं, साधी कोण घेतं, हे लाटेप्रमाणे बदलतं. दर सोमवारी फोन करून विचारायचं आणि कॅम्पच्या फळ्यावर तारखेसह खडूने लिहायचं. तारीख नसलेली माहिती पुसून टाका.

गाडी: तातडीला १०८. १०२ ही गरोदर बाईला घरून रुग्णालयात आणि परत सोडायला, मोफत. दोन्ही नंबर लावून बघायचे. १०८ ला "दिघा डोंगर" सांगून गाडी येत नाही. "ठाणे-बेलापूर रोड, मुकंद कंपनीच्या पुढे, अमुक गेट, गेटवर टॉर्च घेऊन माणूस उभा आहे" असं सांगा. हे वाक्य हिंदीत एका कार्डावर लिहून प्रत्येक खोलीत चिकटवा, कारण फोन लावणारा माणूस घाबरलेला असतो आणि त्याला रोडचं नाव माहीत नसतं. गेटची किल्ली रात्री कोणाकडे? वॉचमन बदलला की हा प्रश्न परत विचारा.

आतला रस्ता चिखलाचा असेल तर गाडी गेटपर्यंतच येणार. हात असलेली प्लास्टिकची खुर्ची, दोन माणसं, बाईला बसवून उचलायचं. पाणी गेलं असेल किंवा रक्त जात असेल तर चालवायचं नाही.

ॲम्ब्युलन्स अर्ध्या तासात येत नसेल तर रिक्षा. जवळ राहणारे दोन रिक्षावाले आत्ताच ठरवा, भाडं आधी बोला, नंबर फळ्यावर. कोविड निर्बंधांमुळे सध्या, जुलै २०२१ मध्ये, रिक्षात चालक सोडून दोघांनाच परवानगी आहे, म्हणजे बाई आणि एक बाईमाणूस. नवरा मागून बाईकवर.

हॉस्पिटलात सोबत एकच माणूस ठेवतात. मग घरातली दोन वर्षांची पोर कोणाकडे? गावी सासू असते, इथे कोणी नसतं. कळा दाबून पहाटेपर्यंत थांबण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि ते कोणत्याच फॉर्मवर नसतं. शेजारीण आधी ठरवा, तिचं नावही त्या कार्डावर.

वाटेत बाळ झालंच तर: नाळ कापायची नाही, ओढायची नाही. बाळ कोरडं पुसून आईच्या छातीवर उघड्या अंगाला लावायचं, वरून दोघांवर कापड. डोकं झाकायचं. वार (नाळेच्या टोकाचा गोळा) आपोआप आली तर पिशवीत घालून बरोबर न्यायची.

---

कागदपत्र_कट्टा

पैशाच्या बाजूचं. लोकांना योजनेचं नाव माहीत असतं, पण कागद कुठे अडतो ते माहीत नसतं.

जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम: सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण (नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात) आणि ने-आण मोफत. पत्ता परराज्यातला म्हणून हक्क जात नाही. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी मिळाली तर या कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा.

जननी सुरक्षा योजना: आपल्याकडे दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि जमातीच्या बायकांना, शहरात ६०० रुपये. छोटी रक्कम, पण खातं बाईच्या नावाचं लागतं, इथेच बहुतेक प्रकरणं अडकतात. आठव्या महिन्यात खातं उघडायला धावू नका, आत्ता उघडा.

प्रधानमंत्री मातृवंदना योजना, २०२१ च्या नियमांप्रमाणे: पहिल्या जिवंत अपत्यासाठी ५००० रुपये तीन हप्त्यांत. पाळीपासून १५० दिवसांत नोंद केली तर १०००, सहा महिन्यांनंतर किमान एक तपासणी झाली की २०००, जन्मनोंद आणि बाळाच्या लसींची पहिली फेरी झाली की २०००. अर्ज जिथे राहता तिथे करता येतो, गावी जायची गरज नाही. नवऱ्याचंही आधार मागतात. दोघांच्या आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर हप्ता अडतो. बिहारकडच्या बायकांच्या आधारवर "देवी" किंवा "कुमारी" असतं आणि बँकेत नसतं, ते आधी जुळवा.

आता खरी मोठी रक्कम, आणि ती तुमच्या हातात आहे. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना नॉर्मलसाठी १५,००० आणि सिझरसाठी २०,००० रुपये. नोंदीत कामगाराच्या बायकोलाही मिळतात. नोंदणीला गेल्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदार देतो. म्हणजे तुम्ही. नोंदणी आधीची आणि चालू हवी, बाळ झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. लॉकडाऊनमुळे ९० दिवस भरत नाहीत असं ठेकेदार म्हणतात. आधीच्या साइटचा दाखला जोडता येतो, दिवस एकाच मालकाकडे भरले पाहिजेत असं नाही.

बायका स्वतः मजुरीवर असतील तर: बाळंतपणानंतर सहा आठवडे कोणत्याही मालकाला त्यांना कामावर ठेवता येत नाही, हे मातृत्व लाभ कायद्यात आहे. मुकादमाला छापील कागद दाखवा.

रेशन: राष्ट्रीय अन्नसुरक्षेतलं गावचं कार्ड असेल तर "एक देश एक रेशन कार्ड"खाली अंगठा लावून इथल्या दुकानात धान्य उचलता येतं. गावी घरच्यांनी त्या महिन्याचं आधीच उचललं असेल तर इथे मिळणार नाही, एवढं फोनवर ठरवून घ्या. अंगणवाडीतला पूरक आहार वेगळा, त्याला रेशन कार्ड लागत नाही.

---

राबाळे_सेफ्टी

सगळ्यांचे आभार. ९० दिवसांचे दाखले या आठवड्यात काढतो. गावी जाण्याचा प्रश्न राहिला. आणि एक तातडीचं: सिस्टरनी सांगितल्यासारखं सणावरून विचारलं. दिघ्याच्या कॅम्पमधली एक बाई छठच्या हिशोबाने ३२ आठवड्यांची निघाली, दुसरी खेप. तिच्याकडे कालचा रिपोर्ट आहे, एचबी ६.८. जिथे रक्त दिलं तिथे "गोळ्या दुप्पट करा, महिन्याने या" असं सांगितलंय. पायावर सूज आहे, ताप नाही. बरोबर आहे का हे?

---

नागरी_सिस्टर

गावी जाण्याचं: चौथा ते सहावा महिना असेल, मागचं सिझर नसेल, रक्तस्राव नसेल तर आरक्षित डब्यातून जाऊ शकते. आठव्या महिन्यानंतर दोन रात्रींच्या गाडीत नको. गेल्या वर्षी श्रमिक गाड्यांच्या (लॉकडाऊनमध्ये मजुरांना गावी नेणाऱ्या विशेष रेल्वेगाड्या) वेळी रेल्वेनेच गरोदर बायकांनी शक्यतो प्रवास टाळावा असं आवाहन केलं होतं. जाणारच असेल तर मूळ कार्ड तिच्याकडे, सगळ्या पानांचे फोटो तुमच्याकडे, दोन महिन्यांच्या गोळ्या बरोबर, आणि निघण्याआधी तिथल्या आशाचा नंबर मिळवून तिला आरसीएच नंबर कळवायचा. गाडीतच बाळ झालं तर जन्माची नोंद गाडी पुढे जिथे पहिल्यांदा थांबेल तिथली. इथे झालं तर २१ दिवसांत इथेच, मोफत. नाव ठरलं नसेल तर बिननावाची नोंद करा. बारशाची वाट बघत मुदत घालवू नका. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.

६.८ चं डॉक्टरच सांगतील, पण महिन्याने नाही. एवढं नक्की.

---

लेबररूम

बरोबर नाही. ७ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, आणि शेवटच्या तिमाहीत तो गोळ्यांवर सोडत नाहीत. दुप्पट गोळ्या ७ ते १०.९ साठी असतात, त्यातही महिन्यात साधारण १ ने वाढ अपेक्षित. या हिशोबाने गोळ्या अंगाला लागल्या तरी बाळंतपणापर्यंत ती ८-९ च्या पुढे जात नाही, आणि सूज आहे म्हणजे हृदयावर ताण आला आहे की बीपी वाढलंय, हे बघितल्याशिवाय कळणार नाही. एवढ्या कमी रक्तावर बाळंतपणातला नेहमीचा रक्तस्रावही तिला झेपणार नाही.

आजच ऐरोलीला न्या, बाह्यरुग्ण खिडकी बंद झाली असेल तर थेट प्रसूती विभागात. दारात "तपासणीला आणली" म्हणू नका, "३२ आठवडे, एचबी ६.८, पायावर सूज" असं म्हणा आणि रिपोर्ट हातात द्या. तिथे बीपी (१४०/९० किंवा वर आला तर वेगळी वाट), लघवीत प्रथिनं, पूर्ण रक्ततपासणी, मलेरिया, आणि बिहार-झारखंडकडच्या बाईत सिकल सेल-थॅलेसेमियाची तपासणी करायला सांगा. मग शिरेतून लोह की रक्त हे ते ठरवतील. रक्त लागलं तर: लॉकडाऊनपासून शिबिरं कमी झालीत, रक्तपेढीत बदली रक्तदाता मागू शकतात. कॅम्पमधले दोन-तीन निरोगी पुरुष तयार ठेवा. लस घेतलेली असेल तर १४ दिवस झालेले हवेत.

दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवायची वेळ आली तर चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय निघू नका: बीपी, दिलेली औषधं मात्रा आणि वेळेसह, आणि पुढच्या ठिकाणी कोणाशी बोलणं झालंय. झटक्यांचं इंजेक्शन मॅग्नेशियम सल्फेट दिलं असेल आणि ते लिहिलं नसेल तर पुढचा डॉक्टर परत देतो.

---

राबाळे_सेफ्टी

१०२ लागत नाहीये, रिक्षा बोलावली आहे. मुलगा शेजारणीकडे ठेवला.

---

इलठणपाडा_गल्ली

सकाळपासून पाऊस आहे. विटाव्याकडे वळू देऊ नका, सरळ ऐरोली.